वीज मोजणारा स्टाइनमेट्झ आणि तुमच्या होम थिएटरचा सर्ज प्रोटेक्टर

होम थिएटर लावायचं ठरलं की टीव्ही कोणता, स्पीकर किती वॉटचे, साउंडबार की एव्ही रिसीव्हर, यावर आपण महिनाभर व्हिडिओ बघतो. या सगळ्याला वीज कशातून द्यायची हा प्रश्न मात्र बिल करताना काउंटरवर मिनिटभरात सुटतो. दुकानदार एक स्पाइक गार्ड पिशवीत टाकतो, खोक्यावर ज्यूलचा कसलातरी आकडा छापलेला असतो आणि आपण निर्धास्त होतो.

तो आकडा काय सांगतो? तो डबा नक्की काय करतो, आणि कशापासून वाचवत नाही? हे समजून घ्यायला मला सगळ्यात सोपा रस्ता एका माणसाच्या आयुष्यातून जाताना दिसतो. त्याचं नाव चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. शंभर वर्षांपूर्वी या माणसाने प्रयोगशाळेत वीज पाडून दाखवली. पण मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो वीज पाडली म्हणून नाही. ज्या गोष्टीला लोक नुसतं घाबरत होते, तिथे हा माणूस आकडा शोधत बसला, म्हणून वाटतो.

ब्रेस्लाऊ ते न्यूयॉर्क

स्टाइनमेट्झचा जन्म ९ एप्रिल १८६५ चा. गाव ब्रेस्लाऊ. तेव्हा ते प्रशियात होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. घरी त्याचं नाव होतं कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ. वडील रेल्वेत नोकरीला. कार्लच्या पाठीला जन्मापासून कुबड होतं आणि कमरेच्या सांध्यातही दोष होता. वडिलांना आणि आजोबांनाही हाच त्रास. मोठा झाल्यावरही त्याची उंची जेमतेम चार फूट राहिली.

ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात तो गणित शिकला. तिथल्या विद्यार्थी मंडळात प्रत्येकाला टोपणनाव मिळायचं. याला मिळालं प्रोटियस, म्हणजे ग्रीक कथांमधला रूप बदलणारा समुद्रदेव. हे नाव त्याला इतकं आवडलं की पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याने ते कायमचं आपल्या नावात घेतलं आणि कार्लचा चार्ल्स झाला.

त्याच काळात तो समाजवादी चळवळीत ओढला गेला. बिस्मार्कच्या राज्यात समाजवाद्यांवर कडक कायदे होते. स्टाइनमेट्झ एका समाजवादी वृत्तपत्राचं काम बघत होता आणि पोलिसांची नजर त्याच्यावर पडली. १८८८ मध्ये, डॉक्टरेट अगदी हाताशी आली असताना, त्याला गाव सोडून झुरिकला पळावं लागलं. पुन्हा तिथे राहायला तो कधी परतला नाही.

झुरिकला त्याने काही महिने इंजिनिअरिंग शिकलं आणि १८८९ मध्ये आस्मुसेन नावाच्या मित्राबरोबर जहाजाच्या सगळ्यात स्वस्त वर्गाने न्यूयॉर्क गाठलं. बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी समोर काय पाहिलं? कुबड असलेला, बुटका, इंग्रजी धड न येणारा, खिशात पैसे नसलेला तरुण. हा देशावर ओझं होणार, परत पाठवा, असा रंग दिसू लागला. आस्मुसेनने आपल्याजवळचे पैसे दाखवले, याची जबाबदारी माझी म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे त्याला आत घेतलं. पुढे ज्याच्या गणितावर त्या देशातल्या वीज कंपन्या उभ्या राहिल्या, त्याचा प्रवेश असा एका मित्राच्या शब्दावर झाला.

लोखंड तापतं किती?

पहिली नोकरी न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावात, रुडॉल्फ आयकमायर यांच्या कारखान्यात. आयकमायर स्वतः १८४८ च्या क्रांतीनंतर जर्मनी सोडून आलेले. त्यांचा कारखाना मुळात टोप्या बनवायच्या यंत्रांचा होता, पण त्यांना विजेच्या मोटारींचा नाद होता.

तेव्हा एसी मोटार किंवा ट्रान्सफॉर्मर बनवताना एक मोठी अडचण असायची. एसी करंटची दिशा सतत उलटसुलट होते, त्यामुळे आतल्या लोखंडाचं चुंबकत्वही सेकंदाला कित्येक वेळा उलटतं. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा लोखंडातच अडकून उष्णता होते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. यंत्र किती तापणार हे ते बनवून चालवल्यावरच कळायचं. म्हणजे आधी खर्च, मग निकाल.

स्टाइनमेट्झने उपलब्ध मोजमापं घेतली, स्वतः आणखी मोजमापं केली आणि त्यातून एक सरळ सूत्र काढलं. लोखंडातल्या चुंबकत्वाची घनता जितकी, तिच्या १.६ घाताच्या प्रमाणात हा तोटा वाढतो. घनता दुप्पट केली तर उष्णता दुप्पट होत नाही, जवळजवळ तिप्पट होते. जानेवारी १८९२ मध्ये त्याने अमेरिकेच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे हा निबंध वाचला, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. त्यानंतर यंत्र किती तापेल हे कागदावर काढता येऊ लागलं.

हे सूत्र म्युझियममध्ये गेलेलं नाही. तुमच्या फोनच्या चार्जरमध्ये एक छोटासा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचं डिझाइन करणारा इंजिनिअर आजही सुरुवात स्टाइनमेट्झच्या समीकरणापासून करतो, फक्त घात त्या त्या मटेरियलप्रमाणे बदलतो. आणि टीव्हीखाली ठेवलेला स्वस्त स्टॅबिलायझर गुणगुणत तापत असेल, तर शक्यता ही की आत लोखंड कमी घालून त्याच्याकडून जास्त काम करून घेतलं जातंय.

एसीचं गणित सोपं करणारा

१८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी स्थापन झाली आणि तिने लवकरच आयकमायर यांचा कारखाना विकत घेतला. स्टाइनमेट्झ त्याबरोबर नव्या कंपनीत गेला. १८९४ पासून तो न्यूयॉर्क राज्यात, मोहॉक नदीकाठच्या शेनेक्टडी शहरात स्थायिक झाला तो कायमचाच.

दरम्यान १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेसाठी त्याने आणखी एक काम केलं होतं. एसी सर्किटमध्ये व्होल्टेज आणि करंट सतत बदलतात, शिवाय एकमेकांच्या मागेपुढे धावतात. त्याचं गणित कॅलक्युलसने करायचं म्हणजे पानंच्या पानं भरायची. स्टाइनमेट्झने सांगितलं की प्रत्येक राशीला एक लांबी आणि एक कोन द्या, कॉम्प्लेक्स नंबर वापरा, आणि मग साधी बेरीज-गुणाकार करा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये आम्ही जे फेझर काढायचो, त्यांचा आजचा सरसकट वापर या माणसामुळे रुजला. परीक्षेत मार्क देणारा धडा म्हणून मी तो पाठ केला होता. त्यामागे देश सोडून आलेला एक माणूस आहे हे पुस्तकात कुठेच नव्हतं.

पण या पद्धतीला एक मर्यादा आहे, आणि आपला विषय नेमका तिथून सुरू होतो. फेझर चालतात ते सगळं सुरळीत, एकाच लयीत चालू असताना. स्विच चालू केल्याच्या त्या क्षणी काय होतं? फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडतो तेव्हा? लांबच्या लाईनवर वीज कोसळते तेव्हा? हे सगळं सेकंदाच्या बारीक अंशात घडून संपतं. याला ट्रान्झियंट म्हणतात. स्टाइनमेट्झने १९०९ मध्ये या ट्रान्झियंटवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आपण ज्याला सर्ज किंवा स्पाइक म्हणतो, तो हाच.

घर, दत्तक मुलगा आणि शाळा

स्टाइनमेट्झने लग्न केलं नाही. आपल्या शरीरातला दोष पुढच्या पिढीत जाऊ नये, असं त्याला वाटायचं. पण त्याचं घर रिकामं राहिलं नाही. प्रयोगशाळेतला त्याचा तरुण सहायक जोसेफ हेडन याला त्याने रीतसर दत्तक घेतलं. हेडन, त्याची बायको आणि पुढे त्यांची तीन मुलं, सगळे एकाच घरात राहायचे. त्या घरात काचेची एक मोठी खोली निवडुंगांनी भरलेली होती, आणि पाळलेल्या प्राण्यांमध्ये चक्क मगरीही होत्या. मुलांचा हा आजोबा म्हणजे गावातल्या इतर पोरांसाठीही आकर्षण होतं.

१९०२ पासून तो शेनेक्टडीच्याच युनियन कॉलेजमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवू लागला, कंपनीचं काम सांभाळून. १९११ मध्ये शहरात समाजवादी महापौर निवडून आला आणि त्यानंतर स्टाइनमेट्झ शहराच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष झाला. पुढे तो नगरपरिषदेवरही निवडून गेला. १९२२ मध्ये त्याने लेनिनला पत्र लिहून रशियाच्या विद्युतीकरणात मदत करायची तयारी कळवली. देशातल्या सगळ्यात बड्या कंपन्यांपैकी एकीत नोकरी आणि विचार समाजवादी, हे त्याला कधी विसंगत वाटलं नाही. वीज सगळ्यांना मिळाली तर माणसाचे कष्ट कमी होतील, हे त्याचं दोन्हीकडचं सूत्र होतं.

(व्हॉट्सॲपवर त्याची खडूच्या एका रेघेची आणि दहा हजार डॉलरच्या बिलाची गोष्ट फिरते. ती दंतकथेत जमा करण्यासारखी आहे, म्हणून मी सोडून देतो. खऱ्या गोष्टी जास्त चांगल्या आहेत.)

फुटका आरसा

आता विजेकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज दूरच्या धबधब्यांवरून तारांनी शहरात येऊ लागली. तारा जितक्या लांब, तितकी त्यांच्यावर किंवा जवळपास वीज पडायची शक्यता जास्त. एक झटका आला की ट्रान्सफॉर्मर जळायचे आणि शहर अंधारात जायचं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये स्टाइनमेट्झ आणि त्याचे सहकारी यावर उपाय शोधत होते.

त्यातला एक उपाय बघण्यासारखा आहे. सहकारी क्रेटन यांनी विकसित केलेल्या अरेस्टरमध्ये ॲल्युमिनियमच्या ताटल्या एकावर एक रचून मध्ये एक द्रावण भरलेलं असायचं. धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमायचा. नेहमीच्या व्होल्टेजला हा थर करंट अडवायचा. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपुढे गेलं की तोच थर वाट मोकळी करून द्यायचा, सर्ज जमिनीत जायचा, आणि व्होल्टेज उतरलं की थर पुन्हा अडवू लागायचा. अडचण एकच. हा थर टिकवायला अरेस्टरला रोज थोडा वेळ चार्ज करावं लागायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा अरेस्टर सर्जसमोर भिंत उभी करत नव्हता. तो त्याला दुसरीकडून जायला सोपी वाट देत होता.

मोहॉकला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी स्टाइनमेट्झची लाकडी झोपडी होती. उन्हाळ्यात तो तिथे राहायचा, होडीत आडवी फळी टाकून तिच्यावर कागद पसरून गणितं करत बसायचा. १९२० मध्ये याच झोपडीवर वीज पडली. तो तिथे नव्हता. परत आल्यावर लाकूड चिरफाळलेलं आणि आरशाचे तुकडे तुकडे झालेले दिसले. दुसऱ्या कुणी केरसुणी घेतली असती. स्टाइनमेट्झने आणि हेडनने ते तुकडे वेचले, कोड्यासारखे जुळवले आणि दोन काचांच्या मध्ये दाबून धरले. आरशामागच्या चांदीच्या थरावर विजेचा मार्ग उमटला होता. ती कुठून आली, कुठे फाटे फुटले, कुठून बाहेर गेली, हे सगळं त्यावर वाचता येत होतं. त्यावरून त्याने त्या झटक्याच्या ताकदीचा अंदाज बांधायला सुरुवात केली.

बारा हजार ज्यूल म्हणजे किती?

आकाशातली वीज आपल्या सोयीने पडत नाही. अरेस्टर तपासायचा तर वीज हाताशी हवी. म्हणून स्टाइनमेट्झने आणि हेडनने काचेच्या मोठ्या तावांना धातूचा पातळ पत्रा लावून कपॅसिटरची प्रचंड रांग उभी केली. ती १ लाख २० हजार व्होल्टपर्यंत चार्ज करायची आणि एका क्षणात मोकळी करायची. १९२२ मध्ये त्याने हे यंत्र लोकांना दाखवलं. साधारण १० हजार अँपिअरचा करंट, सेकंदाच्या लाखाव्या भागासाठी. झाडाच्या फांदीचे आणि लाकडी ठोकळ्यांचे तुकडे उडाले. त्याच वर्षी थॉमस एडिसन शेनेक्टडीला आला तेव्हा त्यानेही हा प्रयोग पाहिला. एडिसनला कमी ऐकू यायचं, म्हणून स्टाइनमेट्झ त्याच्या गुडघ्यावर बोटांनी मोर्स कोड वाजवून बोलला, असं सांगतात.

आता जरा कॅलक्युलेटर उघडा. १ लाख २० हजार गुणिले १० हजार, म्हणजे १२० कोटी वॉट. दहा लाख अश्वशक्तीच्या वर. पण वेळ किती? एक लाखांश सेकंद. १२० कोटी गुणिले तो वेळ, म्हणजे ढोबळमानाने १२ हजार ज्यूल.

तुमच्या फोनमधली ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिच्यात साधारण ६९ हजार ज्यूल असतात. म्हणजे फांदी फोडणाऱ्या त्या कृत्रिम विजेच्या पाचपटीहून जास्त ऊर्जा तुमच्या खिशात आहे. फरक वेळेचा. बॅटरी तीच ऊर्जा दिवसभरात देते, वीज एका लाखांश सेकंदात देते.

सर्ज प्रोटेक्टरच्या खोक्यावरचा ज्यूलचा आकडा याच हिशोबातला आहे. आत बसवलेला भाग एकूण किती ऊर्जा पचवू शकतो, एवढंच तो सांगतो. तो किती व्होल्टला जागा होतो, आणि करंटला कुठे पाठवतो, हे त्यातून कळत नाही. आणि टीव्ही वाचतो की जातो, हे मुख्यतः त्या दोन गोष्टींवर ठरतं.

तो गेल्यानंतर

१९२३ मध्ये स्टाइनमेट्झ कुटुंबासह अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा दौरा करून परतला. थोड्याच दिवसांत, २६ ऑक्टोबर १९२३ रोजी, शेनेक्टडीच्या घरी त्याचा मृत्यू झाला. वय ५८. नदीकाठची झोपडी पुढे हेन्री फोर्डने उचलून मिशिगनमधल्या आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात नेली. ती आजही तिथे आहे.

ॲल्युमिनियमच्या ताटल्यांची जागा आधी सिलिकॉन कार्बाइडने घेतली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीत झिंक ऑक्साइडचा नवा घटक तयार झाला. तोच मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, म्हणजे एमओव्ही. त्याचा परवाना घेऊन तो अमेरिकेत आणणारी कंपनी होती जनरल इलेक्ट्रिक, स्टाइनमेट्झचीच. तुमच्या स्पाइक गार्डमधली ती गोल चकती म्हणजे हा एमओव्ही. वागणूक त्या जुन्या थरासारखीच: नेहमी अडवायचं, मर्यादा ओलांडली की वाट द्यायची. रोज चार्ज करायची भानगड मात्र संपली.

मग आपण घ्यायचं काय?

माझ्या मते खर्चाचा क्रम असा ठेवावा.

पहिलं अर्थिंग. एमओव्ही फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तीन ठिकाणी लावतात. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग नावापुरतंच असेल तर तीनपैकी दोन वाटा बंद. वायरमनला बोलवून मीटर लावायला सांगा. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जमलं तर अर्थ टेस्टरने रेझिस्टन्सही तपासून घ्या. हे न करता महागडा सर्ज प्रोटेक्टर घेणं म्हणजे गच्चीवर पन्हळ लावून पाइप खाली न सोडणं.

दुसरं, घराच्या डीबीमध्ये टाइप २ चा एसपीडी. बाहेरून लाईनवर येणारा मोठा सर्ज इथेच उतरवायचा. त्यावर तीन गोष्टी वाचा. सतत सहन होणारं व्होल्टेज: तुमच्याकडे रात्री २६० च्या वर जात असेल तर २७५ ऐवजी ३२० व्होल्टचा घ्या. प्रोटेक्शन लेव्हल: १.५ किलोव्होल्ट किंवा कमी. आणि तो खराब झाला हे दाखवणारी खिडकी. बसवताना वायरमनला जोडवायर आखूड ठेवायला सांगा, एकूण अर्ध्या मीटरच्या आत. कारण स्टाइनमेट्झच्या ग्रंथातलंच आहे: सरळ वायरलाही इंडक्टन्स असते, मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. करंट एका मायक्रोसेकंदात हजार अँपिअरने वाढला तर त्या एका मीटरवरच हजार व्होल्ट उभे राहतात. नीटनेटकी दिसावी म्हणून गुंडाळून ठेवलेली वायर सगळी मेहनत वाया घालवते.

तिसरं, टीव्हीजवळचा सर्ज प्रोटेक्टर. २७५ व्होल्टचा एमओव्ही सर्ज आल्यावर व्होल्टेज साधारण ७०० च्या आसपास रोखतो. ज्यूल जास्त असतील तर चांगलंच, कारण प्रत्येक झटक्याबरोबर एमओव्ही थोडा थोडा झिजतो. पण थर्मल फ्यूज आणि संरक्षण चालू असल्याचा दिवा असलेलाच घ्या. दिवा विझला की उरतो तो फक्त एक्स्टेंशन बोर्ड.

आणि आता तो फुटका आरसा आठवा. वीज कुठून आली आणि कुठून बाहेर गेली? टीव्हीला मेन्सशिवाय डिशची किंवा केबलची कोॲक्स वायर, लॅन केबल आणि एचडीएमआय जोडलेली असते. मेन्सवर प्रोटेक्टर आहे, पण गच्चीवरच्या डिशची वायर थेट सेट टॉप बॉक्समध्ये जाते. मग सर्ज डिशकडून येतो, एचडीएमआय पोर्टमधून टीव्हीत शिरतो आणि मेन्सच्या अर्थिंगने बाहेर पडतो. म्हणून बऱ्याचदा टीव्ही चालू राहतो आणि फक्त एचडीएमआय पोर्ट मरतात. उपाय हा की सगळी उपकरणं एकाच प्रोटेक्टरवर ठेवा आणि कोॲक्स व लॅनही त्याच प्रोटेक्टरमधून न्या, म्हणजे सगळ्यांचं अर्थिंग एका बिंदूवर येईल.

चौथं, ओव्हरव्होल्टेज कट. हे सर्जपेक्षा वेगळं प्रकरण आहे. मागच्या वर्षी आमच्या बिल्डिंगच्या मीटर बोर्डवर न्यूट्रल तुटली. काही घरांत व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढलं आणि मिनिटभर तसंच राहिलं. दोन घरांतले टीव्ही गेले, त्यातल्या एकाला चांगला सर्ज प्रोटेक्टर लावलेला होता. एमओव्ही मायक्रोसेकंदांच्या खेळातला गडी आहे. मिनिटभराच्या जास्त व्होल्टेजला तो फक्त तापतो आणि जळतो. यासाठी डीबीमध्ये ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लावा, किंवा हाय कट असलेला स्टॅबिलायझर घ्या.

पाचवं, यूपीएस. लॅम्पचा प्रोजेक्टर असेल तर घ्याच, कारण लाईट गेल्यावर लॅम्प थंड करायला पंखा काही मिनिटं चालावा लागतो. राउटर आणि गेमिंग कन्सोलसाठीही बरा. सबवूफर त्यावर लावू नका, उगाच लोड वाढतो.

सगळ्यात शेवटी पॉवर कंडिशनर. बहुतेक टीव्ही आणि साउंडबारचा आतला सप्लाय १०० ते २४० व्होल्ट घेतो आणि एसीचा डीसी करून स्वतःच स्थिर करतो. कंडिशनरमुळे रंग खुलतील किंवा आवाज उघडेल या आशेवर पैसे घालू नका. स्पीकरमधून घूं असा सतत आवाज येत असेल तर बहुतेक वेळा तो ग्राउंड लूप असतो. वेगवेगळ्या सॉकेटवरची उपकरणं एका सॉकेटवर आणा, कोॲक्सला आयसोलेटर लावा. तुमच्याकडे व्होल्टेज खरंच रोज खालीवर होत असेल, मीटरने मोजलेलं असेल, तरच कंडिशनरचा विचार करा.

आणि हे सगळं करूनही थेट पडलेल्या विजेपुढे यातलं काही टिकेल असं धरून चालू नका. खऱ्या झटक्यात साधारण ३० हजार अँपिअर असू शकतात, स्टाइनमेट्झच्या यंत्राच्या तिप्पट. वळवाचे ढग जमले आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. डिशची वायरही काढा, ती बरेच जण विसरतात. पण हे वीज जवळ येण्याआधी करायचं. डोक्यावर कडकडाट चालू असताना वायरला हात लावू नका.